मेहरूणची बोरं आणि पुण्याचा पाहुणा

जळगावच्या माणसानं आठवणी लिहायला घेतल्या की मेहरूणचा तलाव आणि तिथली बोरं येणारच. बोरांबद्दल तक्रार नाही. पण हा माणूस बोलतोय कुणाशी? तलाव कुठे आहे, बोरं किती गोड, सगळं समजावून सांगणं चाललेलं असतं. समोर जणू पुण्याहून आलेला पाहुणा बसलाय. आपल्याकडच्या आत्मपर लेखनाचं घोडं मला इथेच अडलेलं दिसतं, कारण पाहुण्यासमोर घरातलं भांडण कुणी काढत नाही.

भरीत-पार्टीवरचा लेख घ्या. पऱ्हाट्यांवर वांगी कशी भाजतात, यातच अर्धा लेख सरतो. तोच लेख त्या पार्टीत जेवलेल्या चुलतभावासाठी लिहिला असता, तर कृती सांगावीच लागली नसती. वाटणीचा विषय निघाल्यावर काका अर्ध्या ताटावरून का उठले, ते मात्र लिहावं लागलं असतं.

जवळच्या वाचकासाठी लिहिलेलं आपल्याकडे आहेच. अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. वाचक म्हणजे रोज डोळ्यांसमोर असणारी पोरं. पुढे फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिताना त्यांनी श्रोते थेट पुस्तकातच आणून बसवले. रात्र झाली की आश्रमातले मित्र जमतात, श्याम सांगू लागतो. हळवेपणाचा आरोप या पुस्तकावर जुनाच. मलाही त्यातल्या काही रात्री जड जातात. पण पोहायच्या भीतीनं माळ्यावर लपल्याचं आणि त्यापायी आईचा मार खाल्ल्याचं श्याम इतकं सरळ सांगतो, ते समोर मित्र आहेत म्हणून.

यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी 1963 च्या ‘कोसला’त वाचकाला असंच खोलीत ओढून घेतलं, वर त्याची टरही उडवली. त्या सुराची नक्कल पुढे खूप झाली. नक्कल करणाऱ्यांना सूर सापडला, ऐकणारा सापडला नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी त्यांची जेवढी गाणी उतरवून घेतली, तेवढी राहिली. 1951 च्या डिसेंबरात त्या गेल्या. वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि 1952 मध्ये गाण्यांचं पुस्तक झालं. गाणी अत्र्यांसाठी रचलेली नव्हती, तरी ते थक्क झालेच. बाहेरचा वाचक असा आपल्या पायांनी येतो. त्याच्यासाठी आधीपासून सतरंजी अंथरून ठेवावी लागत नाही.

मात्र जवळचा वाचक म्हणजे गोतावळा नव्हे. सोपानदेव घरचे खरे, पण स्वतः कवी होते, कानाचे पक्के. याउलट, साठीच्या निमित्तानं पदरमोड करून छापलेल्या आठवणी वाचाव्यात. त्यांत प्रत्येक मामा प्रेमळ, प्रत्येक काकू सुगरण, कारण प्रकाशनाच्या दिवशी ही सगळी मंडळी पहिल्या रांगेत बसणार असतात.