गोष्ट कळणे आणि गोष्ट सांगणे : चिमणी-कावळ्याच्या कथेच्या आधारे एक विचार

मराठी घरांतील अनेक मुलांच्या कानी पडणारी पहिली गोष्ट चिमणी-कावळ्याची असते. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो, दार वाजवतो आणि चिमणी बाळाला न्हाऊ घालणे, तीट लावणे, निजवणे अशी एकेक सबब सांगून त्याला बाहेर तिष्ठत ठेवते. पुढचा भाग घरोघर निराळा आहे. कुठे कावळा आत येऊन शेकत बसतो, कुठे त्याला चुलीपाशी चटका बसतो, तर कुठे दार उघडताच गोष्ट आटोपती घेतली जाते. या कथेचे तात्पर्य काय, हे कोणी निश्चितपणे सांगू शकणार नाही. घर पक्के बांधावे, असे म्हणावे तर भिजणाऱ्याला दाराबाहेर उभे ठेवणारी चिमणी आदर्श ठरत नाही. अडल्या जीवाला मदत करावी, असे म्हणावे तर ती मदत कथेत फार उशिरा येते. तरीही तात्पर्याविना ही कथा पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. मुलाला गोष्ट कळते म्हणजे नेमके काय कळते, याचा विचार करताना ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

मुलांच्या कथनक्षमतेचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वालेत्झ्की यांनी 1967 मध्ये मौखिक कथनाची घटकरचना मांडली. पार्श्वभूमी, गुंतागुंत, मूल्यनिर्णय, उकल आणि समारोप हे ते घटक होत. त्यांपैकी मूल्यनिर्णयाला त्यांनी दिलेले महत्त्व लक्षणीय आहे. घटना एकामागून एक मांडल्याने गोष्ट सिद्ध होत नाही. ती का सांगितली जात आहे, हे सांगणाऱ्याच्या बोलण्यातून जाणवावे लागते. आर्थर ॲपलबी यांनी 1978 मध्ये पिचर व प्रेलिंगर यांनी संकलित केलेल्या बालकथांचा अभ्यास केला. व्हिगॉट्‌स्कीच्या संकल्पनानिर्मितीच्या टप्प्यांचा आधार घेऊन, असंबद्ध ढिगापासून केंद्र असलेल्या कथेपर्यंतचे सहा टप्पे त्यांनी दाखवले. रूथ बर्मन व डॅन स्लोबिन यांच्या 1994 च्या ग्रंथात मर्सर मेयर यांचे शब्दविरहित चित्रपुस्तक इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की भाषक मुलांपुढे ठेवलेले आहे. हरवलेल्या बेडकाच्या शोधाची ही 24 चित्रे आहेत. तीन वर्षांचे मूल बहुधा प्रत्येक चित्राचे स्वतंत्र वर्णन करते. नऊ वर्षांचे मूल ‘बेडूक शोधणे’ या एका सूत्रात सगळे प्रसंग ओवू लागते. मात्र चित्र मुलाच्या आणि अभ्यासकाच्या अशा दोघांच्याही डोळ्यांसमोर असताना ‘हा पडला’ एवढे म्हणून बोट दाखवणारे मूल कथनात कच्चे आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते. ऐकणाऱ्याला जे दिसतच आहे ते शब्दांत कशासाठी मांडायचे, हा मुलाचा व्यवहार तसा शहाणपणाचाच आहे.

या अभ्यासांतून मिळणारा सर्वांत उपयुक्त धडा असा की, कथनाचा विकास भाषेच्या विशिष्ट घडणीतून होतो. मराठीपुरता हा प्रश्न तपासल्यास चिमणी-कावळ्याच्या कथेचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते. तिच्यातील दोन पात्रांपैकी एक पुल्लिंगी व दुसरे स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे कर्त्याचे नाव न घेताही ‘आला’ आणि ‘आली’ यांवरून कोण आले ते समजते. मूल नावे गाळते, पण क्रियापद त्याला सांभाळून घेते. ही सोय सर्वत्र मात्र मिळत नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की ते कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. ‘दार वाजवले’ आणि ‘दार उघडले’ या दोन वाक्यांत कर्ता गाळला तर व्याकरण काहीच सांगत नाही. वाजवणारा कावळा आणि उघडणारी चिमणी हे केवळ कथा माहीत असल्यामुळे कळते. कथेतील निर्णायक कृती ज्या वाक्यात येते, नेमक्या त्याच ठिकाणी मराठी मुलाला ‘चिमणीने’ हा शब्द उच्चारण्याची गरज ओळखावी लागते. ही गरज ओळखणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे आणि काय नाही, याचा अंदाज बांधणे होय. याउलट ‘म्हणणे’ हे क्रियापद अपवादात्मक आहे. ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ ही रूपे कर्त्याच्याच लिंगानुसार चालतात. ही कथा जवळजवळ सगळी संवादातून सरकते, म्हणून लहान मुलालाही ती गोंधळ न होता पुन्हा सांगता येते. हीच कसोटी सिंह आणि सशाच्या गोष्टीला लावली तर चित्र पालटते. दोन्ही पात्रे पुल्लिंगी असल्याने ‘म्हणाला’ हे रूपही मदतीला येत नाही.

वाक्ये जोडण्याच्या साधनांविषयीही असेच म्हणता येईल. ‘मग’ या शब्दाने कोणत्याही दोन घटना जोडता येतात आणि त्यात चूक होण्याचा संभव नसतो. ‘-ऊन’ प्रत्ययाचे रूप वापरायचे तर दोन्ही क्रियांचा कर्ता सामान्यतः एकच असावा लागतो : ‘कावळा भिजून आला’. कर्ता बदलत असेल तर ‘चिमणीने दार उघडल्यावर कावळा आत शिरला’ अशी रचना करावी लागते. येथे दोन पात्रे एका वाक्यात येतात आणि एकाच्या कृतीवर दुसऱ्याची कृती अवलंबून राहते. ‘मग’च्या मालिकेपासून या रचनेपर्यंतचा प्रवास हा व्याकरणाचा आहे, तसाच कार्यकारणाच्या जाणिवेचाही आहे. शिक्षक अनेकदा ‘मग, मग काय लावले आहेस?’ म्हणून मुलाला अडवतात. त्या ‘मग’मध्ये पुढच्या घटनेचा शोध चाललेला असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

घटनांच्या पलीकडचा भाग पात्रांच्या मनाचा. जेरोम ब्रूनर यांनी 1986 मध्ये कृतीची भूमी आणि जाणिवेची भूमी असा भेद केला. सिंहाला विहिरीतील प्रतिबिंब दुसरा सिंह वाटते; ऐकणाऱ्याला ते प्रतिबिंब असल्याचे ठाऊक असते. या दोन जाणिवांमधील अंतर हीच ती गोष्ट आहे. विमर आणि पर्नर यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून असे दिसत आले आहे की, दुसऱ्याचा समज चुकीचा असू शकतो हे मुलाला साधारणतः चार वर्षांच्या सुमारास स्पष्टपणे सांगता येऊ लागते. त्याआधीच्या मुलाला सिंहाची उडी आवडते, सशाची युक्ती निसटण्याचा संभव असतो. चिमणी-कावळ्याच्या कथेत असा पेच नाही. कावळ्याला थांबावे लागते, एवढे कळले की पुरते. थांबावे लागण्याचा अनुभव तर प्रत्येक मुलाला रोजचाच असतो. आई कामात असताना दारामागे कोण उभे असते, हे कथा न सांगता सांगते आणि बहुधा म्हणूनच तिला तात्पर्याची गरज पडत नाही.

या पार्श्वभूमीवर शालेय व्यवहाराकडे पाहिले असता विसंगती ठळक होते. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, शीर्षक व तात्पर्य द्या’ हा प्रश्न मराठीच्या अध्यापनात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. मुद्द्यांत पात्रे, घटना आणि त्यांचा क्रम आधीच दिलेला असतो, बहुतेक वेळा शेवटही. मुलाकडे उरते ते उभयान्वयी अव्यये भरण्याचे काम. मूल्यनिर्णय हा लबॉव्ह यांच्या मते कथनाचा गाभा, पण येथे तो कथेतून उपटून एका सुविचाराच्या रूपाने तळाशी चिकटवला जातो. ग्रामीण भागातील मुलांच्या वाचनाची 2005 पासून पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या मूळ चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्या आहेत. येथे ‘गोष्ट’ म्हणजे दुसरीच्या पातळीचा, परिच्छेदापेक्षा मोठा मजकूर. चाचणीच्या मर्यादित हेतूसाठी ते ठीकच आहे आणि तिने वाचनाचा प्रश्न ऐरणीवर आणला हे नाकारता येणार नाही. दोष वापरणाऱ्यांचा आहे. ‘गोष्ट वाचता येते’ या शेऱ्याला ‘गोष्ट कळते’ असा अर्थ दिला जातो. अडखळत वाचणारे, पण कावळ्याची दया येणारे मूल अशा कोष्टकात खालच्या रकान्यात जाते.

याहून गंभीर प्रश्न कोणाची कथनरीत ‘बरोबर’ मानायची हा आहे. शर्ली ब्राइस हीथ यांनी 1983 च्या ग्रंथात अमेरिकेतील कॅरोलिना भागातील दोन श्रमिक वस्त्यांची तुलना केली. एका वस्तीत गोष्ट म्हणजे खरे घडलेले आणि शेवटी बोध देणारे कथन. दुसरीत गोष्ट रंगवून, वाढवून सांगणे हेच कौशल्य. पहिलीत कल्पनेचा विस्तार खोटेपणात जमा होई. दुसरीतील रंगतदार सांगण्याला शाळेत जागा नव्हती. दोन्ही वस्त्यांतील मुले शाळेत मागे पडली. सारा मायकल्स यांच्या 1981 च्या अभ्यासात एका विषयाला धरून न बोलता प्रसंगांना प्रसंग जोडत जाणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीला शिक्षिका पुनःपुन्हा तोडताना दिसते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांपर्यंत ते नेले. शाळा मुलांच्या अंगणात नेण्याची त्यांची कल्पना सर्वज्ञात आहे. मात्र अंगणात गेलेल्या शाळेने अंगणातील गोष्ट ऐकली की स्वतःची गोष्ट तेथे नेली, या अंगाने त्या कार्याचा अभ्यास व्हायला हवा.

शिकागोतील बालशिक्षिका व्हिव्हियन पेली यांची रीत या संदर्भात उपयुक्त आहे. मूल सांगेल ती गोष्ट शिक्षिका त्याच्याच शब्दांत लिहून घेते आणि नंतर वर्गातील मुले ती करून दाखवतात. लिहून घेताना दुरुस्ती होत नाही; पण करून दाखवण्याची वेळ आली की उणिवा आपोआप उघड्या पडतात. समजा, एखाद्या मुलीने सांगितले, ‘पाऊस आला. दार वाजवले. दार उघडले.’ चिमणी झालेली मुलगी आणि कावळा झालेला मुलगा दोघेही दाराकडे धावतील किंवा दोघेही जागचे हलणार नाहीत. मग सांगणारीलाच उठून म्हणावे लागेल, ‘चिमणीने उघडायचे!’ आणि कदाचित बाहेर उभा असलेला कावळा विचारील, ‘पण एवढा उशीर का?’ या प्रश्नाचे उत्तर मुद्द्यांत दिलेले नाही.