काळं म्हणजे पाणी? रडारच्या चित्राचं गणित आणि सांगलीचा पूर

मागच्या व्याख्यानात आपण भिंगाचं गणित पाहिलं. एका ठिपक्याचा डाग कसा पसरतो ते कळलं, की कुठल्याही दृश्याचं चित्र मांडता येतं. दृश्य म्हणजे असंख्य ठिपके. प्रत्येकाचा डाग आपापल्या जागी ठेवायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. दोन दृश्यं एकत्र आली तर त्यांचं चित्र म्हणजे दोन चित्रांची बेरीज. अशा प्रणालीला रेषीय म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकं रडारलाही याच रांगेत बसवतात. आज आम्हाला टीका करायची आहे ती या बसवण्यावर.

उदाहरण घेऊ सांगलीचं. आपण साताऱ्यात बसलोय, पण पाणी तेच आहे. महाबळेश्वरला उगम, माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, आणि मग ते सगळं खाली सांगलीत. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा दिवसांत आकाशात नुसते ढग असतात, त्यामुळे उपग्रहावरचा साधा कॅमेरा आंधळा. तिथे रडार कामाला येतं. युरोपच्या सेंटिनेल-1 ची लहर साधारण साडेपाच सेंटीमीटरची आहे. ती ढगातून आरपार जाते, रात्रीही चालते.

हे रडार तिरकं बघतं. संथ पाण्यावर लहर पडली की आरशासारखी पुढे निघून जाते, परत काही येत नाही, म्हणून पाणी काळं. शेत खडबडीत असतं, थोडं परत येतं, म्हणून करडं. मग नियम सोपा होतो: अमुक उजेडापेक्षा कमी ते पाणी. नदीकाठच्या मोकळ्या रानात हा नियम चांगला चालतो, ते श्रेय द्यायलाच हवं. आमची तक्रार गावात शिरल्यावर सुरू होते.

पहिली गोष्ट लहान आहे. रडारच्या एका चौकटीत, धरा पाच मीटर बाय वीस मीटर, शेकडो वस्तू असतात. त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, कधी जुळतात, कधी एकमेकांना मारतात. इथवर बेरीज खरी आहे. पण आपण बघतो तो उजेड, म्हणजे त्या बेरजेचा वर्ग, आणि वर्ग केला की रेषीयपणा संपला. म्हणून चित्र रवाळ दिसतं, रव्याची खीर सांडल्यासारखं. सगळीकडे सारख्याच असलेल्या शेतातही उजेडाचं विचलन त्याच्या सरासरीइतकंच निघतं! शेजारच्या चौकटींची सरासरी घेतली की हे कमी होतं, पण चार पट चौकटी मिसळल्या तर रवाळपणा फक्त निम्मा होतो. आणि गावभागातली गल्ली किती रुंद असते ते तुम्हाला माहीत आहे. ती त्या सरासरीत विरघळून जाते.

दुसरी गोष्ट मोठी. बेरजेचं गणित एक गृहीतक धरून चालतं: लहर एका वस्तूवर एकदाच आदळते आणि परत येते. आता रस्त्यात पाणी भरलंय आणि काठाला घराची भिंत आहे असं समजा. लहर पाण्यावर आदळते, पुढे भिंतीवर जाते आणि तिथून थेट रडारकडे परततो तिचा झोत. नुसतं पाणी काळं, नुसतं घर मध्यम, पण पाण्यातलं घर लखलखीत! पाण्याचं चित्र अधिक घराचं चित्र म्हणजे पाण्यातल्या घराचं चित्र नव्हे. बेरजेचा नियम नेमका तिथे तुटतो, जिथे माणसं राहतात.

बरं, उजळ म्हणजे पाणी असा उलटा नियम करावा, तर तोही टिकत नाही. पाणी चढत गेलं की भिंतच बुडत जाते. जितकी भिंत वर उरते तितकाच झोत परततो. म्हणजे पाणी आल्यावर उजेड आधी वाढतो, आणि खोली वाढली की कमी होऊ लागतो. शिवाय उपग्रह जवळजवळ दक्षिणोत्तर जातो आणि बाजूला बघतो. त्यामुळे दक्षिणोत्तर रस्त्यावरच्या भिंती त्याच्यासमोर येतात, तिरक्या गल्लीतल्या येत नाहीत. एकाच पातळीचं पाणी, पण दोन गल्ल्यांची दोन वेगळी उत्तरं.

ऊस तर वेगळाच. फडात गुडघाभर पाणी असलं तरी साडेपाच सेंटीमीटरची लहर पाचटातच अडकते, फड करडाच दिसतो. जुलै 2025 मध्ये गेलेल्या निसार उपग्रहाची एक लहर सुमारे 24 सेंटीमीटरची आहे, ती खोल शिरते. पण गंमत बघा, तिथे पाणी आणि उभा ऊस मिळून पुन्हा तोच दुहेरी टप्पा होऊ शकतो. म्हणजे बुडालेला फड काळा नाही, उजळ.

यात काय बिघडतं? पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. पुढे निळ्या आणि लाल पूररेषेवरून वाद होतात, 25 वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर आणि 100 वर्षांतून एकदा येणारा कुठवर. त्यावेळी कोणी उपग्रहाचा नकाशा टेबलावर ठेवला आणि ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांची गल्ली त्यावर कोरडी निघाली, तर त्या माणसाने काय म्हणायचं? नकाशाला अक्षांश-रेखांश असतात, सुबक निळा रंग असतो. त्याच्याकडे फक्त भिंतीवरची ओल असते.

उपाय नाही असं नाही. पुराआधीच्या दोन फेऱ्यांत प्रतिध्वनींची कला कितपत जुळते ते मोजायचं, मग पुराआधीची एक आणि पुरातली एक फेरी घेऊन तेच मोजायचं. घर जागचं हलत नाही, म्हणून कोरड्या गावात कला जुळते. पायथ्याशी पाणी आलं की जुळणी कोसळते. उजेडापेक्षा हा पुरावा गावात जास्त विश्वासाचा आहे. पण तोही रवाळपणातून सुटलेला नाही, सरासरी त्यालाही लागतेच.

म्हणून नकाशा करणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. पाणी आणि कोरडं या दोन रंगांबरोबर तिसरा रंग द्या: इथे रडारला सांगता येत नाही. दाट वस्ती, उसाचे फड, डोंगराच्या सावलीतले उतार हे सगळे त्या रंगात टाका. काही नकाशांत असा वगळलेला भाग दाखवतातही, पण बातमीत चित्र छापताना तोच आधी गळतो. आणि त्या तिसऱ्या रंगाच्या जागी आयर्विन पुलावरच्या फूटपट्टीचा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदललेला आकडा आणि गल्लीची समुद्रसपाटीपासूनची उंची घेऊन बसा. नदीपासून गल्लीपर्यंत पाण्याचा उतार तेवढा धरावा लागेल, बाकी वजाबाकी आहे.