जिल्हा, प्रदेश आणि बोली : कर्जत-खालापूरच्या निमित्ताने

मराठी बोलींच्या अभ्यासात शीर्षकाचा एक साचा आता पक्का झाला आहे. 'अमुक जिल्ह्यातील बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास' असे म्हटले की विषयाची व्याप्ती ठरली, क्षेत्र ठरले, नकाशाही तयार मिळाला, असे समजले जाते. जिल्हा हे शासनाच्या सोयीसाठी निर्माण केलेले क्षेत्र आहे. बोली ही माणसांच्या परस्परव्यवहारातून घडलेली वस्तू आहे. या दोहोंच्या मर्यादा एकच असतील असे गृहीत धरण्यास कोणता आधार आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो येथे एका मर्यादित भूभागाच्या, म्हणजे कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या, आधाराने विचारावयाचा आहे.

कर्जत स्थानकालगतचे भिसेगाव घ्या. आज ते कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. महसुली दृष्टीने ते रायगड जिल्ह्यात व कोकण विभागात येते. नियोजनाच्या दृष्टीने मुंबई महानगर प्रदेशात येते. २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेनंतर कर्जत विधानसभा क्षेत्र लोकसभेच्या 'मावळ' मतदारसंघात घातले गेले. मावळ हा परंपरेने घाटमाथ्यावरचा मुलूख. कर्जत घाटाच्या पायथ्याशी. म्हणजे येथील रहिवासी एकाच वेळी कोकणातला, मुंबईच्या परिघातला व मावळातला ठरतो. यांपैकी प्रत्येक विधान शासकीय कागदावर खरे आहे. मात्र यांतील एकही विधान त्याच्या बोलीविषयी काही सांगत नाही.

भूगोल वेगळेच सांगतो. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरातून उतरते, कर्जत व नेरळवरून बदलापूर-कल्याणकडे जाते आणि वसईच्या खाडीत मिळते. खालापूरचे पाणी बहुतांशी पाताळगंगेत उतरून धरमतरच्या खाडीकडे जाते. पूर्वी खालापूर हा कर्जत तालुक्याचाच पेटा होता. तरीही पाणलोट दोन आणि उतरण्याच्या दिशाही दोन. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाल्यावर कर्जतचा दैनंदिन व्यवहार कल्याणशी अधिकच बांधला गेला. नदी कल्याणास जाते, आगगाडी कल्याणास जाते. अर्ज तेवढा अलिबागेस जातो.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये कर्जतचे वर्णन ठाणे जिल्ह्याच्या ग्रंथात आढळते, कुलाब्याच्या नव्हे. स्वतंत्र कुलाबा जिल्हा १८६९ मध्ये निर्माण झाला. त्यात पनवेल १८८३ मध्ये व कर्जत १८९१ मध्ये ठाण्यातून काढून जोडण्यात आले. पुढे १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. यांपैकी कोणत्याही दिवशी कर्जतच्या एकाही कुटुंबाची बोली बदलली नाही. तथापि ग्रंथालयात बसलेल्या अभ्यासकाच्या लेखी मात्र ती ठाण्याची होती, मग कुलाब्याची झाली आणि आता रायगडची आहे.

हा दोष अभ्यासकांनी मुद्दाम ओढवून घेतलेला नाही. तो आपल्या शास्त्राच्या पायातच आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यासाठीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत गोळा झाली होती आणि भाषकसंख्या १८९१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. म्हणजे माहिती जेथून आली तेच तिचे एकक ठरले. ज्या वर्षीची जनगणना आधारभूत धरली, त्याच वर्षी कर्जत एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेले, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या खंडातील ठाणे व कुलाबा येथील आकडे आजच्या जिल्ह्यांच्या नावे उतरवून घेणे किती असमर्थनीय आहे, हे सहज कळेल.

डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेचे ऋण कोणताही अभ्यासक मान्यच करील. तिच्यातील वर्णनांची शिस्त आजही अनुकरणीय आहे. परंतु तिच्या शीर्षकांकडे पाहावे. १९६३ चा ग्रंथ दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोकणीचा, १९६५ चा कुडाळीचा, १९६९ चा ठाण्याच्या वारलीचा. पहिल्यात व तिसऱ्यात जिल्हा आहे, दुसऱ्यात बोलीचे स्वतःचे नाव आहे. दक्षिण कानड्यातून कासरगोड १९५६ मध्येच केरळात गेले होते व १९९७ मध्ये उडुपी वेगळे झाले. डहाणू, तलासरी, जव्हार हा वारल्यांचा मुख्य मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. १९९७ आणि २०१४ च्या फेरबदलांनी पहिली व तिसरी शीर्षके आतल्या मजकुरापासून सरकली. 'कुडाळी' हे शीर्षक मात्र, रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८१ मध्ये सिंधुदुर्ग झाला तरी, जसेच्या तसे खरे राहिले.

येथे भाषेचीच साक्ष काढता येते. मराठीत 'ई' हा प्रत्यय लावून प्रदेशनामापासून बोलीचे वा माणसाचे विशेषण साधले जाते : वऱ्हाडी, खानदेशी, कोकणी, मालवणी, मावळी. पण 'सिंधुदुर्गी बोली' किंवा 'रायगडी बोली' असे कोणी म्हणत नाही. तेथे 'सिंधुदुर्ग जिल्ह्यातील' अशीच रचना करावी लागते. 'कोल्हापुरी' वा 'सोलापुरी' ही विशेषणे अपवाद वाटतील. परंतु ती शहरावरून व तेथील मालावरून आलेली आहेत, जिल्ह्यावरून नव्हेत. भाषक ज्या नावाला हा प्रत्यय लावण्यास तयार असतो, त्या नावामागे काही सामूहिक ओळख आहे असे समजावे. जेथे त्याला 'जिल्हा' हा शब्द उच्चारावाच लागतो, तेथे नाव शासनाचे आहे.

यावरून जिल्हा टाकून परंपरागत प्रदेश स्वीकारला की प्रश्न सुटला, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही घाईचा होईल. परंपरागत म्हणून मिरवणारी नावे तरी एका जातीची कोठे आहेत? कोकण, देश, मावळ ही भूमीच्या घडणीवरून ओळखली जातात. वऱ्हाड व खानदेश हे मोगलाईतील सुभे होते. मराठवाडा ही ओळख निजामाच्या राज्यातील मराठी जिल्ह्यांमुळे स्थिर झाली. म्हणजे कालचा प्रशासकीय विभागच पुष्कळदा आजचा परंपरागत प्रदेश झालेला असतो. कचेरी गेली, नाव उरले. शिवाय ही नावे सरकतात. 'तळकोकण' हा शब्द एके काळी घाटाखालच्या मुलखाला लावीत. आज तो बहुधा दक्षिणेकडील टोकाला लावतात. मुंबईकर 'कोकणात जातो' असे म्हणतो तेव्हा कर्जत त्याच्या मनात नसते.

आता प्रत्यक्ष भाषिक सामग्री पाहावी. उत्तर कोकणातील आगरी-कोळी बोलींत 'घोडा'चा 'घोरा', 'डोळा'चा 'डोला', 'विस्तव'चा 'इस्तव' होतो. ही लक्षणे ठाणे व रायगड या दोन्ही जिल्ह्यांत आढळतात, जिल्ह्याची सीमा त्यांना अडवीत नाही. 'ण'चा 'न' होणे तर खानदेश-वऱ्हाडातही आहे. तेव्हा ते एकट्याने कोणत्याच प्रदेशाचे लक्षण होऊ शकत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, कर्जत तालुक्यात गावठाण, ठाकूरवाडी व कातकरवाडी एकमेकांपासून शेता-दोन शेतांच्या अंतरावर असतात आणि तेवढ्या अंतरात बोली बदलते. ठाकरांची वस्ती कर्जत-खालापूरपासून मुरबाड-शहापूर, इगतपुरी-अकोले अशी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरली आहे. तिचे चार जिल्ह्यांत तुकडे पडतात. प्रत्येक जिल्ह्याच्या प्रबंधात तिला शेवटचे एखादे प्रकरण मिळते आणि तिचे समग्र वर्णन कोणाच्याच वाट्याला येत नाही. कातकरीचीही अवस्था हीच. सीमेच्या निवडीने होणारी ही हानी केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही. ज्या बोलींना लेखनाचा आधार नाही, त्यांची नोंद अशा रीतीने सुटली तर ती पुन्हा करण्याची संधी मिळेलच असे नाही.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. फ्रान्समध्ये झिलिएराँ यांनी १९०२ ते १९१० या काळात प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहात ६३९ स्थळांची सामग्री स्थळवार मांडली, तेव्हा प्रत्येक शब्दाची सीमा वेगळी दिसली. परंतु जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या प्रदेशात फ्रिंग्झ यांनी दाखवून दिले की, जुन्या संस्थानी सरहद्दी पुसल्या गेल्यावरही बोलींच्या सीमांत त्यांच्या खुणा राहिलेल्या आहेत. शाळा, बाजार, न्यायालय, सोयरीक हे सारे राजकीय सीमेच्या आत अधिक घडते व त्यातून बोली घडते. तेव्हा शतकाहून अधिक काळ अलिबागेशी बांधल्या गेलेल्या कर्जतवर त्या बंधनाचा परिणाम झाला का, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो सिद्ध करावयाचा निष्कर्ष आहे. शीर्षकात गृहीत धरावयाचे प्रमेय नव्हे.

यातून कार्यपद्धतीविषयी तीन अपेक्षा निघतात. सामग्री प्रथम स्थळ व समाज यांच्या नावे नोंदवावी. जिल्हा हा केवळ पत्त्याचा भाग असावा. तोही अगत्याने द्यावा, कारण महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. जिल्ह्याचे नाव वापरल्यास ते कोणत्या वर्षीच्या सीमांनुसार, हे सांगावे. आणि क्षेत्राचे नाव सामग्रीची मांडणी झाल्यावर ठरवावे, आधी नव्हे. डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेल्या बोली-सर्वेक्षणामुळे स्थळवार सामग्री आता उपलब्ध होऊ लागली आहे. तिचा उपयोग पुन्हा जिल्हावार कोष्टके भरण्यासाठीच झाला, तर ग्रिअर्सन यांच्या काळातील अडचण आपण सक्ती नसताना पत्करली असे होईल. त्यांना जिल्हाधिकाऱ्यांवाचून दुसरे साधन नव्हते. आपल्याला ते आहे.