सैन्यसंख्या निश्चितीचे निकष : एक चिकित्सा

राष्ट्राला किती सैनिक हवेत, हा संरक्षणशास्त्राचा प्रश्न. भारतात मात्र त्याचे उत्तर बहुधा अर्थसंकल्पाने दिले आहे. 1998 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी आधुनिकीकरणास निधी मिळावा म्हणून 50,000 सैनिकांच्या कपातीचे पाऊल उचलले. 1999 च्या कारगिल युद्धानंतर ते मागे घ्यावे लागले. शेकटकर समितीच्या शिफारशींनुसार 2017 मध्ये सुमारे 57,000 पदांच्या फेररचनेस मान्यता मिळाली. लढणारे किती आणि त्यांच्या पाठीशी असणारे किती, हा तिचा प्रश्न अधिक मूलगामी होता.

कपातीचे समर्थक चीनने 2015 मध्ये जाहीर केलेल्या तीन लाखांच्या कपातीचा दाखला देतात. हे साम्य फसवे आहे. चीनची रेल्वे 2006 मध्येच ल्हासाला पोहोचली होती. कुमक वेगाने हलविता आली, तर सीमेवर थोडे सैन्य पुरते. याउलट सियाचीनमधील एक चौकी अखंड राखायची, तर तेथील तुकडीखेरीज तिची जागा घेणारी, प्रशिक्षण घेणारी आणि विश्रांतीवरील तुकडीही हिशेबात धरावी लागते. 2022 च्या ‘अग्निपथ’ योजनेच्या चर्चेत निवृत्तिवेतनाचा ऊहापोह विपुल झाला. चौक्यांचा हा हिशेब, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्यात अभावानेच आढळतो.