‘केवळ’ची जागा आणि ‘च’चा नेम

मराठी बिघडल्याची जी यादी दरवर्षी वाचली जाते, तिच्यात ‘केवळ… नव्हे, तर…सुद्धा’ ही रचना हमखास असते. ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’चे हे आंधळे भाषांतर, असा आरोप. तो अर्धाच खरा आहे. संस्कृतात ‘न केवलम्… अपि तु’ ही जोडी इंग्रजी इथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून होती. जोडी परकी नाही. परकी आहे ती तिची बसण्याची जागा. आणि ‘-णे’ लागलेल्या क्रियारूपाशी गाठ पडली की घोटाळा सर्वांत जास्त होतो.

इंग्रजीत क्रियेच्या मूळ रूपाआधी ‘टु’ हा सुटा शब्द येतो. सुटा असल्यामुळेच प्रश्न उभा राहतो: ‘नॉट ओन्ली’ त्याच्या आधी घालायचे, की ‘टु’ आणि क्रियापद यांच्या मध्ये? आधी घातले तर ‘बट ऑल्सो’नंतर ‘टु’ पुन्हा यावा, म्हणजे दोन्ही पारडी सारखी. मध्ये घातले तर ‘टु’ क्रियापदापासून तुटला म्हणून जुने मास्तर लाल शाई काढणार. फाउलरने 1926च्या आपल्या कोशात या एकाच बाबीवरून इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच गट पाडून यथेच्छ थट्टा केली.

मराठीत हा तंटा उद्भवतच नाही. ‘-णे’ धातूला चिकटलेला असतो. ‘शिकवणे’ फोडून आत काही घालता येत नाही. जोर द्यायचा तर आपल्याकडे ‘च’ आणि ‘ही’ आहेत, आणि ते ज्या शब्दाला चिकटतात त्याच्यावरच जोर पडतो. ‘केवळ मुलांना शिकवणे नव्हे, तर…’ असे वाक्य घ्या. पुढे ‘पालकांनाही शिकवणे’ येणार की ‘मुलांना खेळवणेही’? वाक्य संपेपर्यंत कळत नाही. ‘मुलांनाच शिकवणे नव्हे’ म्हटले की पालक आले. ‘मुलांना शिकवणेच नव्हे’ म्हटले की खेळ आला. इंग्रजी हाच भेद शब्दाची जागा बदलून करते. आपला भाषांतरकार काय करतो? ‘केवळ’ वाक्याच्या तोंडाशी नेऊन बसवतो आणि ‘च’ही गाळतो. इंग्रजीची सोय गेली, मराठीचीही गेली.

ही सवय कुठून आली? माझा अंदाज असा की, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि इंग्रजी शब्दासमोर ठरलेला मराठी शब्द मांडण्याची रीत तिथे हाडीमासी खिळली. शिकणाऱ्याला ती सोयीची होती. लिहिणाऱ्याने ती कायम ठेवली, ही पाठमालेची चूक नव्हे.

शिवाय एका ‘टु’ला आपल्याकडे चार दारे आहेत: करणे, करू, करायला, करण्यासाठी. ‘बोलायला तर नाहीच, बघायलाही तयार नाही’ यात दोन क्रियांची उतरंड आपोआप लागते, ‘केवळ’ची आठवणसुद्धा होत नाही. ‘आयदर… ऑर’चे तर आपण सरळ अटीत रूपांतर करतो: ‘करायचे तर नीट करायचे, नाहीतर करायचेच नाही.’ आणि ‘नायदर… नॉर’? इंग्रजीला दोन नकार लागतात. ‘घेणं ना देणं’ या जोडीत एकच ‘ना’ मध्ये उभा राहून दोन्हीकडचे काम उरकतो. दोन ‘ना’ घातले तर चालतात, पण ते रागावलेल्या माणसाचे बोलणे वाटते.

हे सारे छापील लेखांपुरते असते तर व्याकरणप्रेमींनी आपसांत भांडून संपवले असते. पण मी भुशीत राहतो. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेले इथले धरण आता पावसाळ्यात भिजायला येणाऱ्यांचे झाले आहे. 30 जून 2024 रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांसाठी मनाई आदेश काढले. आदेशांची आणि पाट्यांची आपली मराठी ठरलेली असते: ‘उतरणे’, ‘पोहणे’, ‘छायाचित्रे काढणे’ अशी रांग, आणि सर्वांत शेवटी ‘मनाई’. ‘-णे’ हे व्याकरणात नाम. नामांच्या रांगेत नकार नसतो. धावत्या नजरेने अर्धी पाटी वाचली तर ती सहलीच्या कार्यक्रमासारखी लागते. तिला जोर द्यायचा म्हणून कोणी ‘केवळ पोहणेच नव्हे, तर पाण्यात उतरणेसुद्धा’ असे लिहिले तर मनाई आणखी लांब जाते. इंग्रजी पाटीत निदान ‘नो’ पहिल्याच अक्षराला असतो.

बोलताना इथला कोणीही माणूस असे बोलत नाही. पोराला हाक मारताना आई नकार आधी सांगते, क्रियांची यादी मागून. सरकारी भाषेतही ते जमते, ‘-णे’ सोडून ‘-ऊ’चे रूप घेतले की झाले: ‘पोहू तर नयेच, पाण्यात पायही घालू नये.’ पहिला नकार तिसऱ्या शब्दाला येतो.