रावसाहेबांचे बेळगाव आणि जी.एं.चे धारवाड

गेल्या चातुर्मासात आमच्या देवळाच्या सभागृहात पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मधील 'रावसाहेब' या लेखाचे वाचन झाले. वाचणारे गृहस्थ सत्तरीच्या घरातले, बेळगावात शिकलेले. रावसाहेबांची ती कानडी वळणाची मराठी त्यांना निराळी साधावी लागली नाही. मंडळी पोट धरून हसली आणि अखेरीस पुष्कळांनी डोळे पुसले. मग अशा प्रसंगी होते तसे झाले. दोघातिघांनी उठून सांगितले की, पाहा, मुंबईचा माणूस आमच्या भागात आला आणि या भागाने त्याला कसे पोटाशी धरले! मागच्या रांगेत एक सूनबाई बसली होती. गिरगावात वाढलेली, लग्न होऊन हुबळीस आल्याला दीड वर्ष झालेली. तिने एवढेच विचारले, "पु.ल. बेळगावात राहिले किती वर्षे?"

कोणी तरी म्हणाले, "फार नाही." तेवढ्यात चहा आला.

तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. शहरात वाढलेल्या माणसाने लहान गावात रुजणे म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की 'रावसाहेब' हाच दाखला पुढे केला जातो. तो दाखला कितपत चालतो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

पु.ल. जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत आणि पुढे पार्ल्यात वाढले. आकाशवाणीत जाण्यापूर्वी काही काळ ते बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. 'गणगोत' १९६६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे हा लेख बेळगाव सुटल्यानंतरचा, आठवणीतला आहे. आठवणीत गावाची धूळ बसत नाही. लेख उत्कृष्टच आहे, याविषयी आमचे दुमत नाही. तोंडाने शिवराळ आणि मनाने हळवा, नाटकसंगीतासाठी जीव टाकणारा असा हा माणूस मराठीत दुसऱ्या कोणास असा उभा करता आला नसता. पण हा लेख एका माणसाविषयी आहे, गावाविषयी नाही. रावसाहेब हे गावातले वजनदार गृहस्थ. त्यांनी या नव्या प्राध्यापकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गावाला जे काही विचारावयाचे होते ते विचारण्याची गरजच उरली नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर बेळगावने पु.लं.ना घरात घेतले ते रावसाहेबांच्या जामिनावर. असा जामीन मिळणे हे भाग्य आहे. परंतु ज्याला तो मिळाला नाही त्याला ते गाव कसे दिसले असते, हे लेखावरून कळत नाही. आणि ते कळावे असा लेखकाचा हेतूही नव्हता.

आणखी एक गोष्ट. रावसाहेबांच्या बोलण्यातली लिंगांची उलथापालथ, वाक्यात मध्येच येणारी कानडी, यांवर पुणे-मुंबईचा वाचक हसतो, ते आम्ही समजू शकतो. पु.लं.चा कान इतका पक्का की ती भाषा त्यांनी हुबेहूब पकडली, आणि तिच्यात तुच्छतेचा लवलेशही येऊ दिला नाही. परंतु आमच्या सभागृहात बसलेली निम्मी मंडळी घरी तशीच मराठी बोलतात! ती हसली तेव्हा पुण्याच्या प्रेक्षागृहात जागा धरून आपल्याच बोलण्याला हसली. जन्मभर या मुलखात राहून आपणच आपल्याकडे पाहुण्याच्या नजरेने पाहू लागलो, तर बाहेरून आलेल्या मुलीने कोणाच्या नजरेने पाहावे?

वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे आम्हांस येथे 'अधिवास' हा शब्द आठवतो. १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमात त्याचे नियम दिले आहेत. जन्माने लाभलेला अधिवास नवा लाभेपर्यंत सुटत नाही. आणि नवा लाभतो तो दुसरीकडे स्थिर वस्ती केल्याने. नुसता मुक्काम पुरत नाही, तेथेच राहावयाचे असा मनोदय असावा लागतो. (हे नियम देशादेशांतले आहेत, गावागावांतले नव्हेत, आणि अधिनियमाचा तो भाग हिंदूंच्या वारसास लागूही होत नाही. न्यायाधीशांपुढे हा मुद्दा आम्ही मांडणार नाही. साहित्याच्या चर्चेत चालावा.) या कसोटीवर पु.लं.चे बेळगाव हा मुक्काम ठरतो. मुक्कामाचे वाङ्मय प्रसन्न असते, कारण परतीचे तिकीट खिशात असते. सूनबाईच्या खिशात ते नव्हते.

आता लहान गाव कशाला म्हणावे हाही प्रश्नच आहे. हुबळी आणि धारवाड यांची एक महानगरपालिका १९६२ साली झाली, आणि २०११ च्या जनगणनेत दोन्ही मिळून लोकसंख्या नऊ लाख चाळीस हजारांच्या वर भरली. शिरसीहून धारवाडच्या सारस्वतपुरात आलेल्या गिरीश कार्नाडांसारख्या मुलाला हेच गाव शहर वाटले असणार. तेव्हा गावाचे लहानपण डोकी मोजून ठरत नाही. ते एका प्रश्नाने ठरते. आपली मंडळी तो कोंकणीत विचारतात, "तुमी खंयचे?" आणि बाजारात तोच कानडीत कानी येतो, "यार पैकी?" हा 'पैकी' आपलाच, मराठीतला. कोणापैकी, कोणाच्या घरचे, कोणत्या मठाचे, कोणत्या देवाचे. मुंबईत शेजारच्या दारावरची पाटी वाचूनही वीस वर्षे हा प्रश्न कोणी विचारीत नाही, आणि न विचारणे हीच तेथली सभ्यता असते. येथे न विचारणे हा अपमान समजला जातो. शहरातून आलेला माणूस या प्रश्नाने अंग चोरतो. त्याला वाटते, ही चौकशी आहे, झडती आहे. आज कूळ विचारले, उद्या पगार विचारतील.

हे आम्ही अनुभवावरून लिहितो. २००८ साली धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ सुरू झाले, तेच पुढे २०१३ साली कायम झाले. त्या २००८ च्या सुमारास आम्ही मुंबई सोडून इकडे आलो. पहिल्याच समाराधनेच्या पंगतीत शेजारच्या वृद्धांनी आम्हांस तो प्रश्न विचारला. आम्ही म्हणालो, "वकील आहे." ते म्हणाले, "तें जालें, पूण खंयचे?" आम्ही पानातल्या वालीकडे पाहत राहिलो. पुढे दोन वर्षे या समाजाने आमच्याशी अत्यंत सौजन्याने वागून आमच्याशी काहीही संबंध ठेवला नाही. आम्ही त्याला गावाची क्षुद्रता म्हणत असू. मग एका वर्षी देवळात आमच्या हातून पूजा होती. संकल्पाला भटजींनी गोत्र विचारले. ते तर सांगावेच लागते. नाव, गोत्र, मूळ गाव आम्ही सांगितले. मागून तेच वृद्ध म्हणाले, "म्हणजे तुम्ही अमक्यांपैकी! तुमच्या आजोबांच्या बहिणीचे घर आमच्या आळीत होते." झाले. त्या दिवसानंतर आम्हांस कोणी काही विचारले नाही. आम्ही देवळात येतो की नाही, काय लिहितो, कोणाशी बोलत नाही, या कशाचीही पृच्छा नाही. आमची जागा वहीत नोंदली गेली, वही मिटली.

मुंबईत आधी अंतर मिळते आणि ओळख मिळाली तर मिळते. येथे आधी ओळख द्यावी लागते, आणि ती दिली की अंतर मिळते. मुंबईपेक्षा अधिक खात्रीचे मिळते, कारण ते अनास्थेचे नसते. या दुसऱ्या अर्ध्या भागाचा सर्वांत मोठा साक्षीदार आमच्या शेजारी, धारवाडात, राहत होता.

जी. ए. कुलकर्णी महानगरातून आले नव्हते, हे आम्ही आधीच कबूल करतो. त्यांचे बालपण बेळगावचे. पण त्यांचे वाङ्मयीन गाव मुंबई-पुणे होते. त्यांचे वाचक आणि प्रकाशक तेथे होते, आणि वादही तेथेच झाले. ते स्वतः मात्र धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात सुमारे तीन दशके इंग्रजी शिकवीत राहिले. 'निळा सावळा' १९५९ चा, 'काजळमाया' १९७२ चा, 'पिंगळावेळ' १९७७ चा. ही सारी पुस्तके लिहिणारा माणूस धारवाडच्या रस्त्यांवरून रोज महाविद्यालयात जात होता. सभासंमेलने त्यांनी टाळली, मिळालेला साहित्य अकादेमीचा पुरस्कार परत केला. यावरून मराठी टीकेने एक चित्र रंगविले आहे : दूरच्या कानडी गावात अज्ञातवासात बसलेला गूढ एकांडा लेखक. या चित्रात धारवाड हे अरण्यासारखे येते. आम्हांस हे मान्य नाही. जी.ए. संध्याकाळी क्लबात जाऊन पत्ते खेळत. मास्तर म्हणून त्यांना गाव ओळखत होते. त्यांची नोंद झालेली होती, म्हणूनच त्यांना कोणी हटकीत नव्हते. अरण्यात एकांत आपोआप मिळतो. धारवाडात तो गावाने दिला. तीस वर्षे एक मोठा लेखक आपल्या आळीतून जातो आणि त्याच्या दारावर कोणी हारतुरे घेऊन जात नाही, यात अज्ञान थोडे असेल, पण शहाणपणही आहे. मुंबईत त्यांचा सत्कार केल्यावाचून कोणी राहिले असते काय?

आणि त्यांनी जे लिहिले त्यात मुक्कामाची प्रसन्नता नाही. 'कैरी'तले पोरके मूल मावशीच्या गावी येते तेव्हा त्याला कोणी रावसाहेब भेटत नाहीत. त्याला त्या घरातली माणसे जशी आहेत तशी सोसावी लागतात, आणि माया मिळते तीही त्याच घरात, त्याच माणसांतून. मृत्यूनंतर १९८८ साली आलेल्या 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' या पुस्तकात लहान गावची माणसे गर्दीने येतात. पु.लं.च्या वल्लींसारखी ती आपल्यासमोर येऊन वाकून नमस्कार करीत नाहीत. ती आपल्या वाटेने जात असतात आणि लेखक त्यांना जाऊ देतो. अंतर राखून माणसाकडे पाहणे म्हणजे त्याच्यावर माया नसणे नव्हे, हे आम्हांस जी.एं.च्या गद्यातून जेवढे उमगले तेवढे दुसरीकडे क्वचितच उमगले.

योगायोग असा की, याच जी.एं.ना पत्रे लिहिणाऱ्यांत सुनीताबाई देशपांडे होत्या. जी.एं.च्या निवडक पत्रांच्या चार खंडांपैकी पहिला त्यांना लिहिलेल्या पत्रांचाच आहे, आणि त्यांची पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ साली निघाली. पु.लं.चे घर माणसांनी भरलेले. त्या घरातली बाई मनातले बोलावयास धारवाडचा टपालपत्ता शोधते. हे आमच्या वाचनमंडळाने कधी लक्षात घेतले आहे काय? 'रावसाहेब' वाचल्यावर पुढच्या आठवड्यास ती पत्रे वाचावयास हवी होती. वाचले गेले ते पुन्हा पु.ल.च.

येथपर्यंत युक्तिवाद आमच्या सोयीचा चालला आहे. पण उलटतपासणीत तो एका ठिकाणी कच्चा ठरतो. जी.एं.चा एकांत गावाने दिला हे खरे. तो रोज सांभाळला कोणी? प्रभावती आणि नंदा या त्यांच्या दोघी मावसबहिणी त्या घरात होत्या. नंदा पैठणकरांचे 'प्रिय बाबुआण्णा' हे पुस्तक वाचले म्हणजे, ज्याला आपण गूढ एकांडा लेखक म्हणतो त्या माणसाला घरात 'बाबुआण्णा' म्हणणारे कोणी होते आणि त्यामागे एक नांदते घर होते, हे कळते. गावाने अंतर दिले ते प्राध्यापकाला. पुरुषाला एकदा 'यार पैकी' विचारून वही मिटते. सुनेची वही मिटत नाही. तिला देवळात विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, भाजी घेताना विचारतात. आणि तिचे उत्तर ऐकून विचारणारीचे समाधान होत नाही, कारण प्रश्न कुळाचा राहिलेला नसतो. मूल कधी, नोकरी सोडली काय, कोंकणी अजून का येत नाही. ओळख दिल्यावर अंतर मिळते हा आमचा सिद्धान्त तिच्या बाबतीत गाव पाळीत नाही, आणि देवळाची मंडळी तर मुळीच नाही. त्यांना आपण जिव्हाळा दाखवितो असे वाटते. 'रावसाहेब' वाचून डोळे पुसणाऱ्या किती जणांनी त्या मुलीच्या खांद्यावर, काही न विचारता, हात ठेवला? आम्हीही ठेवला नव्हता.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर आम्ही तिला पत्रांचा पहिला खंड देऊ केला. तो तिने घेतला. तीन आठवड्यांनी पालखीच्या दिवशी ती भेटली. खंड अर्धा झाला होता. लेखकाचे घर धारवाडात नेमके कोठे होते, असे तिने विचारले. रविवारी बसने जाऊन ती गल्ली पाहून यावी म्हणत होती, एकटीनेच. जवळ उभ्या असलेल्या एका मावशी म्हणाल्या, "एकटी कशाक वता गो?" तिने उत्तर दिले नाही. आम्ही तिला पत्ता समजावून सांगितला.