पूररेषेवरचे घर : फार्न्सवर्थ हाउसची एक चिकित्सा

प्रास्ताविक

पुराच्या जमिनीवर राहणे भाग असेल तर घर जमिनीपासून वर उचलावे, हा नदीकाठच्या माणसाचा जुना उपाय आहे. आधुनिक वास्तुकलेत या उपायाचे गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, प्लेनो या गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी उभे असलेले फार्न्सवर्थ हाउस होय. शिकागो येथील डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी लुडविग मीस व्हान डर रोह यांनी ते रचले आणि १९५१ मध्ये ते पूर्ण झाले. काचेच्या भिंतींमुळे हरवणारा खाजगीपणा आणि खर्चावरून मालकीण व वास्तुकार यांच्यात झालेला न्यायालयीन वाद या दोन अंगांनी या घराची पुष्कळ चर्चा झाली आहे. ‘पुरासाठी उंचावलेले घर’ म्हणून ते कितपत यशस्वी ठरते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचनेचे स्वरूप

पोलादाचे आठ खांब, त्यांच्यामध्ये जमीन व छत असे दोन आडवे पट आणि सभोवार काच, एवढाच या घराचा सांगाडा आहे. घराची जमीन भूपृष्ठापासून ५ फूट ३ इंच, म्हणजे सुमारे १.६ मीटर उंच आहे. खांब जमिनीच्या व छताच्या बाहेरच्या कडेला वेल्डिंगने जोडलेले असून सांधे दिसू नयेत अशी दक्षता घेतली आहे. त्यामुळे दोन्ही पट खांबांवर टेकलेले न वाटता अधांतरी तरंगत असल्यासारखे भासतात. ओसरीवरच्या ट्रॅव्हर्टाइन फरशीवर पडणारे पावसाचे पाणी फरशांच्या फटींतून खाली निथळून जाते. आकाशातून येणाऱ्या पाण्याचा विचार येथे बारकाईने झाला आहे, हे मान्य करावे लागते.

नदीच्या पाण्याबाबत मात्र हा बारकावा दिसत नाही. सुमारे साठ एकरांच्या त्या जागेत नदीपासून दूर, उंचावर जमीन उपलब्ध होती. तरीही नदी व वृक्ष यांच्या सान्निध्यासाठी घर पूरक्षेत्रातच बसविले गेले. हा निर्णय सौंदर्यदृष्टीचा होता आणि त्या दृष्टीने तो फलद्रूपही झाला. तथापि त्याची सर्व जोखीम ५ फूट ३ इंच या एका आकड्यावर सोपविली गेली.

पुराची साक्ष

घर पूर्ण झाल्यावर अवघ्या तीन वर्षांत, १९५४ साली, फॉक्स नदीचे पाणी घरात शिरले. १९९६ च्या पुरात काचा फुटल्या, आतील लाकडी काम खराब झाले आणि तत्कालीन मालक पीटर पालुम्बो यांना मोठे जीर्णोद्धारकार्य हाती घ्यावे लागले. २००३ च्या लिलावानंतर हे घर जतनसंस्थेच्या ताब्यात आले; २००८ मध्ये पुन्हा घरात सुमारे दीड फूट पाणी साचले. २०१४ साली घर उंच जागी हलविणे, भराव घालून त्याच ठिकाणी वर उचलणे किंवा हायड्रॉलिक जॅकच्या साहाय्याने पूरकाळात तात्पुरते उचलणे, हे पर्याय चर्चेत आले. मूळ रचनेत जी हालचाल अशक्य होती, ती बाहेरून यंत्राने आणण्याचा विचार करावा लागणे, हीच या रचनेवरील सर्वांत मार्मिक टीका होय.

तुलना : मिसिंग समाजाचे चांग घर

आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या काठी, विशेषतः माजुलीत, मिसिंग समाजाची ‘चांग घरे’ आढळतात. तीही खांबांवरच उभी असतात. जमीन फोडलेल्या बांबूंची असते. तिच्यातील फटींतून वारा खेळतो आणि पाणी वर आलेच तर तेही फटींतून वर-खाली होते. मागच्या पुराची खूण स्मरणात ठेवून घराची उंची ठरविली जाते. पूर वाढल्यास बांधणी सोडून जमीन आणखी वर घेता येते. घराखालची जागा कोरड्या दिवसांत डुकरे-कोंबड्यांना आणि हातमागाला उपयोगी पडते.

दोन घरांमधील खरा भेद सांध्यात आहे. चांग घराचा सांधा बांधलेला असतो, म्हणून तो सोडता येतो. फार्न्सवर्थ हाउसचा सांधा वितळवून एकजीव केलेला व दृष्टीआड ठेवलेला आहे. पहिल्या घराला पूर पुन्हा येईल आणि कदाचित अधिक उंच येईल, हे ठाऊक असते. दुसऱ्याने पुराची एक पातळी कायमची गृहीत धरली आहे.

चांग घराचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. बांबू व छप्पर यांची डागडुजी सतत करावी लागते, आणि नदी काठच कापून नेते तेव्हा कोणतीही उंची उपयोगी पडत नाही. अलीकडे काही ठिकाणी काँक्रीटचे खांब वापरले जातात. त्यांनी टिकाऊपणा वाढतो. परंतु जमिनीची उंचीही काँक्रीटमध्ये बांधली गेली, तर घर वर घेण्याची सोय संपते.

जोत्याची उंची आणि महाराष्ट्र

या चिकित्सेला महाराष्ट्रात तातडीचे महत्त्व आहे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर अनुभवले. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निळ्या व लाल पूररेषांमधील बांधकामासाठी जोते लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर असावे, अशी अट आहे. अशी अट आवश्यकच आहे. परंतु रेषा गतकाळातील नोंदींवर आखली जाते. धरणांचे विसर्ग, पात्रातील भराव आणि पावसाचे बदलते स्वरूप यांमुळे पाण्याची पातळी मात्र बदलत राहते. केवळ आकड्यावर विसंबणारे घर प्लेनोतील चुकीचीच पुनरावृत्ती करील.

निष्कर्ष

१. फार्न्सवर्थ हाउस ही श्रेष्ठ कलाकृती आहे. मात्र पूरक्षेत्रातील घर म्हणून ती अपुरी ठरते.

२. उंची हे पुराला दिलेले अर्धेच उत्तर आहे. ती उंची ओलांडली गेल्यावर घराचे काय होईल, याचा विचार आराखड्यातच असला पाहिजे : भिजले तरी चालेल असे खालच्या भागातील साहित्य, पाण्याला आत-बाहेर होण्यास वाट, वरच्या बाजूस वीजजोडणी आणि माणसांना वर जाण्याची सोय.

३. वास्तुकलेच्या अध्यापनात फार्न्सवर्थ हाउसचे छायाचित्र दाखविताना त्याच्या पुरांचा इतिहास आणि शेजारी चांग घराचा सांधाही दाखविला जावा. नदीकाठी कोणती रचना कलाकृती म्हणून टिकते आणि कोणती घर म्हणून टिकते, हा विवेक विद्यार्थ्यांत त्यातूनच निर्माण होईल.